जुगाडू म्हणू नका, कारागीर म्हणा

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, आणि भांडायचं असेल तर पूर्ण वाचून भांडा.

आमच्या शहागड-अंबड-गेवराई पट्ट्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. एका पोरानं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सर्किट बसवून गिटारचं पेडल बनवलंय. पायानं बटण दाबलं की साध्या गिटारीचा आवाज फाटतो, भरून येतो, रॉक गाण्यातल्यासारखा घुमतो. व्हिडिओ चांगला आहे. खालच्या कमेंटा मात्र ठरलेल्या. "काय जुगाड लावलाय भाऊनं." "नासावाले शोधतायत याला." हसणाऱ्या इमोजींची रांग. दोन-चार जणांनी कौतुकही केलं, पण तेही "जुगाड" म्हणूनच.

पोराचं नाव-गाव मी टाकणार नाही. नाव टाकलं की उद्या दहा जण फुकटात बनवून दे म्हणून दारात उभे राहतील. मुद्दा त्या एकट्याचा नाहीच. मुद्दा ‘जुगाड’ या शब्दाचा आहे. या एका शब्दानं आपण खेड्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स कारागिराला कायमचं खालच्या पायरीवर बसवलंय. शहरातल्या माणसानं ब्रेडबोर्डवर एलईडी लावला तर तो ‘इनोव्हेटर’. आमच्याकडच्यानं अख्खं सर्किट उभं केलं तर तो ‘जुगाडू’. जुगाड म्हणजे तात्पुरतं कसंतरी चालवून घेणं. तार तुटली, चुंबळून टेप मारली, झालं. त्या डब्यात काय आहे ते पाहिलं तर त्याला जुगाड म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही.

ज्यांना पेडल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तारेची कॉइल. तार थरथरली की त्यात अगदी थोडा विद्युत सिग्नल तयार होतो. तो सिग्नल ॲम्प्लिफायरला जाण्याआधी मधे अडवायचा आणि त्याचा आकार बदलायचा, एवढंच पेडलचं काम. ओव्हरड्राइव्ह नावाच्या प्रकारात एक आयसी सिग्नल मोठा करतो आणि उलटसुलट जोडलेले दोन डायोड त्याची टोकं साधारण ०.६ व्होल्टच्या आसपास दाबून टाकतात. टोकं दबली की मूळ सुराबरोबर नवे उपस्वर तयार होतात. कानाला जो ‘फाटलेला’ आवाज वाटतो तो हा. ९ व्होल्टची बॅटरी, एक आयसी, मूठभर रजिस्टन्स आणि कंडेन्सर. भाग काहीशे रुपयांचे. तयार ब्रँडेड पेडल मात्र हजारांच्या घरात जातं.

आता त्या आयसीचं बघा. १९७० च्या दशकाच्या शेवटी जपानमधून ‘ट्यूब स्क्रीमर’ नावाचं हिरवं पेडल आलं. जगभरच्या गिटारवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं. त्याच्या पोटात आहे ४५५८ नावाचा आठ पायांचा आयसी. हा नंबर आमच्या कुठल्याही रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्तीवाल्याला विचारा. झोपेतून उठवून विचारलं तरी पिना सांगेल. कारण गावठी ॲम्प्लिफायरमधल्या बास-ट्रेबलच्या पट्टीवर वर्षानुवर्षं हाच आयसी बसलेला आहे.

दुसरा नंबर पीटी २३९९. तैवानच्या कंपनीचा हा आयसी मुळात कराओकेच्या इकोसाठी आला. आज जगभरचे हौशी लोक त्यावर गिटारचं डिले पेडल बनवतात. आणि आपल्याकडे? वरातीतल्या गाडीवर बेंजो किंवा कीबोर्ड वाजतो, गाणारा माइकमध्ये "हॅलो" म्हणतो आणि ते "हॅलो" तीनदा परत येतं, तो इको अनेकदा याच आयसीचा असतो. म्हणजे परदेशात ज्याला ‘बुटीक पेडल’ म्हणून कौतुकानं विकतात आणि आमच्या बँडवाल्याच्या मशीनमध्ये जे धूळ खात पडलेलं असतं, त्यांचं हृदय एकच. फरक एवढाच की तिकडं त्या डब्यावर बनवणाऱ्याचं नाव असतं.

बेंजोचीच गोष्ट घ्या. १९१० च्या दशकात जपानमध्ये निघालेलं ताइशोगोतो नावाचं कळांचं तंतुवाद्य आपल्याकडे आलं आणि बुलबुल तरंग झालं. पुढं कुणीतरी त्याला पिकअप लावला, ॲम्प्लिफायर जोडला, इको दिला आणि मुंबई-कोकणापासून मराठवाड्यापर्यंत बेंजो पार्ट्या उभ्या राहिल्या. २०१६ साली रवी जाधवांनी त्यावर ‘बँजो’ हा हिंदी सिनेमाही काढला. वाजवणाऱ्यांवर सिनेमा निघाला हे चांगलंच झालं. पण ते वाद्य इलेक्ट्रिक करणारे, त्याला आवाज देणारे हात कोणाचे होते, याची नोंद कुठंही नाही.

मला जास्त राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. लोकांना वाटतं बनवणं अवघड, दुरुस्ती काय कुणीही करतो. उलट आहे. सर्किट इंटरनेटवरून बघून कुणीही जोडेल. जोडून झाल्यावर आवाज आला नाही तर? खरी अक्कल तिथून सुरू होते.

माहीतगार माणूस बंद पडलेलं पेडल हातात घेतल्यावर काय करतो ते बघत बसलो, तर शाळेतल्या विज्ञानाच्या तासापेक्षा जास्त विज्ञान दिसलं. तो उगाच भाग बदलत नाही. आधी बॅटरी मोजतो. मग पिन आणि वायर, कारण निम्मे आजार तिथंच असतात. मग ॲडॅप्टर. गिटारच्या बहुतेक पेडलांना मधे मायनस आणि बाहेर प्लस लागतो. आपल्या घरातल्या राउटरच्या ॲडॅप्टरला नेमकं उलटं असतं. कुणी तो खुपसला की सर्किट जळालंच. म्हणून शहाणा कारागीर सुरुवातीलाच एक ४००७ डायोड टाकून ठेवतो. रुपया-दोन रुपयांचा भाग, पण सगळा डबा वाचवतो.

मग मीटर. ४५५८ च्या पिन ८ वर ९ व्होल्ट, पिन ४ वर शून्य आणि पिन १ व ७ वर निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्टच्या जवळपास. साडेचारच्या जागी शून्य किंवा नऊ दिसले की समजायचं, आयसीचा आधार सुटलाय. आवाज येणार नाही, किंवा अर्धवट, कुत्रं भुंकल्यासारखा येईल.

तरी सापडलं नाही तर चौकशीची वायर. ॲम्प्लिफायरला लावलेल्या वायरीच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर झाळायचा, गिटार वाजवत ठेवायची आणि ते टोक सर्किटमध्ये एकेका जागी टेकवत जायचं. इनपुटला आवाज आहे? आहे. पहिल्या कंडेन्सरच्या पलीकडे? आहे. आयसीच्या आउटपुटला? नाही. सापडलं. चोर या दोन टप्प्यांच्या मधे आहे. बहुतेक वेळा एखादा ड्राय सोल्डर निघतो, वरून चकचकीत आणि आतून सुटलेला.

आम्ही पत्रकार तहसीलमध्ये अडकलेली फाईल शोधतो ती याच पद्धतीनं. तलाठ्याकडून निघाली का? मंडळ अधिकाऱ्याची सही झाली का? आवक रजिस्टरला नोंद आहे का? जिथं शेवटची नोंद दिसते त्याच्या पुढच्या टेबलावर फाईल बसलेली असते. हे काम डोकं वापरून केलं तर त्याला शोध पत्रकारिता म्हणतात. सर्किटमध्ये केलं की जुगाड.

आपल्या भागाचे स्वतःचे आजार वेगळेच. गोदाकाठच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. अर्थिंग अनेक घरांत फक्त सॉकेटच्या तिसऱ्या भोकापुरतं असतं. त्यामुळं सर्किटमध्ये हमिंग शिरतं, तो ५० हर्ट्झचा एकसुरी ‘हुंऽऽ’. त्यावर उपाय आहे. पत्र्याचा डबा ग्राउंडला जोडायचा, सगळे ग्राउंड एका ठिकाणी आणायचे, सप्लायला मोठा कंडेन्सर आणि ७८०९ रेग्युलेटर द्यायचा. व्हिडिओतला तो बिस्किटाचा डबा ज्यांना विनोदी वाटला त्यांच्या माहितीसाठी, धातूचा डबा हा बाहेरचा कचरा आवाज अडवायला असतो. महागड्या पेडलचाही डबा म्हणूनच धातूचा असतो. प्लास्टिकच्या डब्यात हेच सर्किट टाकलं असतं तर जवळचा मोबाईलही त्यातून टरटरला असता.

उन्हाचा आजार तर पुस्तकात वाचून कळणार नाही. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतला एसी १२८ नावाचा जर्मेनियम ट्रान्झिस्टर फझ पेडलला फार गोड आवाज देतो. भंगारातल्या रेडिओतून काढून वापरता येतो. पण जर्मेनियम तापलं की गळतं, म्हणजे नको तिथून करंट जाऊ देतो. थंड देशात बसून केलेलं डिझाइन आपल्या मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी घरघरतं आणि रात्री बरं वाजतं. मग इथला माणूस फिक्स रजिस्टन्सच्या जागी प्रीसेट टाकतो, नाहीतर सरळ सिलिकॉन ट्रान्झिस्टरवर जातो. हवामान बघून डिझाइन बदलणं याला जगात सगळीकडे इंजिनिअरिंगच म्हणतात.

आणि बिघाडाला हसणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की हा सगळा धंदा एका बिघाडातून जन्माला आलाय. अमेरिकेतल्या नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्स या गायकाच्या ‘डोन्ट वरी’ गाण्याचं रेकॉर्डिंग चालू होतं. कन्सोलचा एक चॅनल बिघडला आणि बास गिटारचा आवाज फाटून आला. तो तसाच ठेवला आणि १९६१ साली गाणं बाहेर पडलं. ग्लेन स्नॉडी या तिथल्या इंजिनिअरनं बिघाड कशामुळं झाला ते शोधलं, तसाच आवाज देणारं ट्रान्झिस्टरचं सर्किट बसवलं आणि १९६२ साली ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ बाजारात आलं. १९६५ ला रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ते वाजलं आणि फझचा आवाज जगभर पोचला. बिघडलेली वस्तू उघडून बघायची सवय, वेळ आणि मान त्या माणसाला होता. आपण मात्र उघडणाऱ्यालाच हसतो.

आता सरकारकडे वळू.

१७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. हातानं आणि अवजारानं काम करणाऱ्या कारागिरांसाठी. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये, ५ टक्के व्याजानं आधी १ लाख आणि मग २ लाखांचं कर्ज. चांगली योजना आहे, विरोध नाही. त्यात १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, मूर्तिकार, चर्मकार, गवंडी, शिंपी, नाभिक, परीट, हार बनवणारे, कुलूप बनवणारे, होड्या बनवणारे, जाळी विणणारे वगैरे. यादी वरपासून खालपर्यंत वाचा. हातात सोल्डरिंग गन धरणारा त्यात नाही. रेडिओ-ॲम्प्लिफायर मेकॅनिक नाही. कुलूप बनवणारा कारागीर आहे, आणि असायलाच हवा. पण बंद पडलेल्या यंत्राचं कुलूप उघडणारा कारागीर नाही.

उत्तर मला माहीत आहे. "ही पारंपरिक व्यवसायांची योजना आहे." ठीक. पण परंपरा किती वर्षांनी सुरू होते ते सांगा. व्हॉल्व्हचा रेडिओ, ट्रान्झिस्टर, टेप, टीव्ही, ॲम्प्लिफायर असं करत बापानंतर मुलगा त्याच टपरीत बसलेली घरं आपल्या बाजारगावांत आहेत. उस्तादाकडे राहून, बघून, शिव्या खाऊन शिकायचं, हीच त्यांची शाळा. ही परंपरा नसेल तर मग काय आहे?

दुसरं, अटल टिंकरिंग लॅब. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. देशात १०,००० लॅब झाल्या आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५०,००० लॅबची घोषणा झाली. मी बघितलेल्या एका लॅबमध्ये, शाळेचं नाव घेत नाही, किट कपाटात होते आणि कपाटाला कुलूप. पाहुणे आले की उघडतं. का? "मुलं खराब करतील." अहो, खराब होऊ द्या की! खराब झाल्याशिवाय दुरुस्ती शिकणार कशी? आणि ज्या शिक्षकांवर लॅबची जबाबदारी टाकली त्यांना सोल्डरिंगचा सराव कुणी दिला? गावातल्या मेकॅनिकला आठवड्यातून दोन तास मानधनावर बोलवायला काय हरकत आहे? हरकत एकच, त्याच्याकडे डिग्री नाही.

असं शिक्षण महाराष्ट्रात झालेलंच नाही असंही नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत शिकायचं आणि गावाच्या खऱ्या गरजेवर शिकायचं, ही त्यांची पद्धत. अमेरिकेतल्या एमआयटीनं देशाबाहेरच्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ साली तिथं उभी केली. मग आमच्या अंबड तालुक्यातल्या पोराला हेच का मिळू नये? वरातीचा बेंजो, भजनी मंडळाचा माइक, शाळेचा लाऊडस्पीकर, सगळं गावातच आहे. यापेक्षा चांगलं प्रयोगसाहित्य कुठलं किट देणार?

तिसरं, कंपन्या. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या मागच्या झाकणाच्या आत अनेकदा सर्किटचा नकाशाच चिकटवलेला असायचा. विकणाऱ्यालाच वाटायचं की हे कधीतरी दुरुस्त होणार. आता वस्तू चिकटवून बंद करतात आणि आयसीवरचे नंबर खरवडतात. पेडलच्या जगातही हे झालं. १९९४ साली अमेरिकेत आलेल्या ‘क्लॉन सेंटॉर’ या पेडलच्या सर्किटवर कुणी नक्कल करू नये म्हणून इपॉक्सी ओतलेली असायची. हौशी लोकांनी ती खरवडून आतलं सर्किट शोधून काढलंच. आत काही जादू नव्हती. ओळखीचेच आयसी, डायोड आणि विचार करून केलेली रचना. आपल्याकडे केंद्र सरकारनं २०२२ च्या डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. मोबाईल, गाड्या, शेतीची यंत्रं वगैरे त्यात धरली. पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता सांगणं म्हणजे दुरुस्तीचा हक्क नव्हे. सर्किटचा नकाशा आणि सुटा भाग शहागडच्या टपरीवाल्याला मिळाला, तर तो हक्क. आज आयसी संपला की त्याला पुण्याची बुधवार पेठ नाहीतर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आठवावा लागतो, किंवा ऑनलाइन मागवून डुप्लिकेट निघेल का या भीतीत आठवडा काढावा लागतो.

आता तुमचे आक्षेप.

"म्हणजे तुम्ही डीजेची बाजू घेताय." मुळीच नाही. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी आहे. ती पाळलीच पाहिजे, आणि छाती हादरवणाऱ्या भिंतींविरुद्ध मी आधीही लिहिलंय. पेडलनं आवाजाचा पोत बदलतो, ते काम कानाशी धरलेल्या छोट्या स्पीकरवरही होतं. उलट ज्याला सूर आणि गोंगाट यातला फरक हातानं कळलाय तोच उद्या भिंत लावायला नाही म्हणेल.

"चिनी पेडल स्वस्तात मिळतं, मग बनवायचं कशाला?" मिळतं, खरं आहे. बंद पडलं की काय कराल? कचऱ्यात टाकाल. २०२३ पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. पण आपल्या बाजारगावात ई-कचरा भंगारवाल्याच्या गोणीत जातो हे सगळ्यांना माहीत आहे. बनवता येणारा माणूस गावात असेल तर निम्मा कचरा गोणीपर्यंत जातच नाही.

"यात करिअर नाही." हा आक्षेप सगळ्यात दांभिक. करिअर नाही कारण आपण पैसे देत नाही. बँडवाला लग्नाची सुपारी हजारोंत घेतो आणि वरातीच्या आदल्या रात्री मशीन घेऊन येतो. मेकॅनिक रात्री दोनपर्यंत बसतो. मजुरी मागितली की ऐकायला मिळतं, "एक डाग तर मारलास, त्याचे दोनशे?" डाग मारायचे पैसे नसतात भाऊ, कुठं मारायचा ते कळायचे असतात. डॉक्टरला आपण असं विचारत नाही, वकिलाला विचारत नाही. टपरीत बसलेल्याला विचारतो. आयटीआयमध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तो करून आलेलं पोरगंही हे ऐकून पुढच्या गाडीनं चाकण नाहीतर वाळूजला निघून जातं. मग आपणच म्हणतो, गावात कुणी दुरुस्तीवाला उरला नाही.

तर मागण्या साध्या आहेत. इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती आणि बांधणी करणाऱ्यांना विश्वकर्मा योजनेत घ्या, केंद्राला जमत नसेल तर राज्यानं वेगळी योजना काढावी. टिंकरिंग लॅबच्या कपाटाची किल्ली मुलांना द्या आणि स्थानिक मेकॅनिकला तिथं मानधनावर बोलवा. विकलेल्या वस्तूचा सर्किटचा नकाशा देणं कंपन्यांना बंधनकारक करा. हे आमदार-खासदारांना टॅग करून विचारा, मीही विचारणार आहे.

चौथी मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. तो व्हिडिओ पुन्हा समोर आला तर जुगाड लिहू नका. पोराला विचारा, आयसी कुठला वापरलास, हमिंग कसं घालवलंस. तो उत्तर देईल. आणि तुमच्याकडे बंद पडलेला ॲम्प्लिफायर असेल तर गोणीत टाकण्याआधी जवळच्या टपरीत न्या, मजुरी किती ते विचारा आणि घासाघीस न करता द्या.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये या, मी इथंच आहे.

– शहागड, ता. अंबड, जि. जालना